फादरच्या कानात सांगितलं की खातं साफ?

"ख्रिश्चनांचं बरं आहे राव! आठवडाभर काय पाहिजे ते करायचं, रविवारी फादरच्या कानात सांगायचं, की खातं साफ!" हे वाक्य मी आमच्या भोकरदनच्या चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि पुण्यातल्या आयटी कंपनीच्या कँटीनमध्येही. बोलणारे बदलतात, वाक्य तेच. मी ख्रिश्चन नाही, चर्चची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण स्पेक न वाचताच कुणी बग काढायला लागलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हा वीकांत याच विषयावर.

तर मंडळी, आधी स्पेक. कॅथलिकांच्या या संस्काराला मराठीत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, गोव्यात कुमसार. वर्षातून एकदा तरी गंभीर पाप कबूल केलंच पाहिजे, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा. भाग चार: मनापासून पश्चात्ताप, फादरपुढे स्पष्ट कबुली, प्रायश्चित्त आणि फादरने दिलेली क्षमा. पश्चात्तापच नसेल तर पुढची क्षमा पोकळ. आणि कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणग्रंथाचा १४५९ वा परिच्छेद सरळ सांगतो: चोरलं असेल तर परत करा, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा उजळ करा, इजा केली असेल तर भरपाई द्या. क्षमा मिळाली म्हणून झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट क्लोज झालं तरी बिघडलेला डेटा दुरुस्त करावाच लागतो. आता सांगा, यात 'खातं साफ' कुठे आलं?

बरं, हे परदेशी खूळ आहे असंही नाही. आमचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या दानकर्त्यांची नावं कोरलेली आहेत. ज्या भिक्षुसंघाला त्यांनी दान दिलं, त्या संघाचा नियम काय? दर पौर्णिमा-अमावास्येच्या उपोसथाला पातिमोक्खाचं पठण, आणि दोष घडला असेल तर त्याआधी दुसऱ्या भिक्खूपुढे तोंडाने कबुली. जैनांचं प्रतिक्रमण आणि 'मिच्छामि दुक्कडं' तर आजही चालू आहे. आपली चूक दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवणं या मातीला नवीन नाही. आपणच ते विसरलो, आणि जे अजून करतात त्यांना हसतोय.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण २०१८ मध्ये गाडी पुढे गेली. केरळात मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर आरोप झाला, की एका विवाहित बाईने कबुलीत सांगितलेली गोष्ट वापरून तिला धमकावलं आणि तिचं लैंगिक शोषण केलं. आरोप भयंकरच. पण त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रेखा शर्मा यांनी शिफारस काय केली? तर ही प्रथाच बंद करा! कॅथलिक बिशपांनी विरोध केला, आणि ही सरकारची भूमिका नाही असं केंद्रातले मंत्री अल्फोन्स यांनाही सांगावं लागलं. अहो, एखाद्या डॉक्टरने पेशंटचं गुपित वापरून तिला छळलं तर तुम्ही डॉक्टरला आत टाकाल की दवाखाने बंद कराल? गुपित फोडणाऱ्याला शिक्षा करा. कॅथलिक कायदाही तेच करतो. कबुलीचं गुपित सरळसरळ फोडणारा फादर त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो.

आणि गंमत म्हणजे आपला कायदा या गुपिताला संरक्षण देतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण होतं, धर्मगुरूचं नाव नव्हतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही नाही. म्हणजे आपल्याकडे फादर गप्प राहतो तो केवळ आपल्या धर्मनियमाच्या जोरावर. त्याबद्दल मला आदर आहे.

पण आता चर्चशी भांडण. २०१९ मध्ये व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शियरीने एक टिपण काढलं. त्यात म्हटलंय, की पाप हा गुन्हाही असला तरी 'आधी पोलिसांत हजर हो, मगच क्षमा' अशी अट फादरने कधीही घालू नये. कारण? स्वतःविरुद्ध बोलायला कुणाला भाग पाडू नये. हे तत्त्व आपल्या घटनेच्या कलम २०(३) मध्येही आहे, मान्य. पण ते आरोपीला सरकारच्या सक्तीपासून वाचवतं. देवाची क्षमा हा कुणाचा मूलभूत हक्क थोडाच आहे? चोरीचे पैसे परत करायला सांगता, मग लेकराचं आयुष्य नासवणाऱ्याची भरपाई कुठून सुरू होणार? ठाण्यात जाऊनच ना? आपल्या पोक्सो कायद्याचं कलम १९ तर अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी टाकतं, आणि फादरला त्यातून सूट नाही.

चर्च म्हणेल, गुपित फुटायला लागलं तर गुन्हेगार येणारच नाहीत, आणि त्यांना समजावण्याची शेवटची जागाही जाईल. हा मुद्दा वजनदार आहे. पण क्षमा रोखून धरायला गुपित फोडावं लागत नाही! फादरने बाहेर एक अक्षर बोलू नये, फक्त आत बसून ठाम सांगावं: "बाबा रे, आधी हजर हो, मग ये." चर्चच्याच १४५९ व्या परिच्छेदाशी हे जास्त जुळतं.

तेव्हा प्रथा बंद करा म्हणणारे चूक, आणि अट घालू नका म्हणणारेही चूक. आणि टपरीवरच्या मित्रांनो, तुम्हाला एवढंच विचारतो. ते निदान वर्षातून एकदा गुडघे टेकून "मी हे केलं" असं म्हणतात. आपण शेवटचं कधी म्हटलं होतं, आणि कुणापुढे?