बांबूची स्टिक आणि ७,७०० रुपयांची यादी

छोट्या दोस्तांनो,

२९ ऑगस्ट जवळ आला की मी वर्गाच्या फळ्यावर खडूनं एक हॉकी स्टिक काढतो. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस तो. आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. माझी चित्रकला बेताचीच. दरवर्षी कुणीतरी ओरडतंच, "सर, ही तर आजोबांची काठी!" आणि वर्ग खो-खो हसतो.

पण मागच्या वर्षी ते चित्र पाहून एक मुलगी हसली नाही. ती माझ्या वर्गातली नव्हतीच. माझी जुनी विद्यार्थिनी, आता आठवीत, दुसऱ्या शाळेच्या वसतिगृहात राहणारी. पावसात भिजत आली आणि दाराशी उभी राहिली. हातात घडी घातलेला एक कागद होता.

तिची गोष्ट आधी सांगतो. आमची एटापल्ली गडचिरोली जिल्ह्यात, चहूबाजूंनी जंगल. इथं खेळाचं साहित्य विकत आणावं लागत नाही, ते उगवतं! बांबूचं बूड मुळाशी आपसूक वळलेलं असतं, ठाऊक आहे ना? ते नीट तासलं की झाली स्टिक. चिंध्या गुंडाळून सुतळीनं करकचून बांधल्या की झाला चेंडू. दोन दगड म्हणजे गोल. चौथीत असताना ही मुलगी अशा काठीनं पोरांना दमवायची. पुढं मोठ्या शाळेत तिला खरी स्टिक मिळाली आणि मागच्या वर्षी शालेय हॉकी स्पर्धेसाठी संघात तिची निवड झाली.

मी म्हणालो, "अगं, मग पेढे कुठायत?"

तिनं नुसता कागद पुढं केला. त्यावर ही यादी होती:

स्टिक : २,२०० रुपये
बूट : १,६०० रुपये
पायाचे शिन गार्ड : ४५० रुपये
दातांसाठी माउथ गार्ड : १५० रुपये
जर्सी आणि ट्रॅकसूट : १,८०० रुपये
प्रवास आणि जेवण : १,५०० रुपये

करा बघू बेरीज. ७,७०० रुपये! आणि निघायला उरले होते फक्त सहा दिवस.

तुमच्यापैकी काही जणांना वाटेल, त्यात काय एवढं? मग एक हिशेब सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अंधारात घरदार जंगलात जातं. दुपारी घरी आल्यावर सगळे अंगणात बसून पानं जुळवतात. ७० पानांचं एक पुडकं. १०० पुडकी बांधायची तर ७,००० पानं एकेक करून खुडायची, एकेक करून मोजायची. त्यातून जो पैसा येतो, त्यातच धानाचं बियाणं, वह्या-पुस्तकं, आजीचं औषध आणि गळक्या छपराची डागडुजी. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यातलं काय उरणार?

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिचे बाबा रोवणी आटोपून आले होते, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. कागद पाहून खूप वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरगी चांगली खेळते म्हणून आनंद आहे जी. पण ती इतकी चांगली खेळली नसती, तर हा कागद घरी आलाच नसता."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. खरंच आहे की! खेळायला सुरुवात करताना काही खर्च नव्हता. पोरगी जितकी पुढं जाईल, तितका कागद लांबणार.

पूर्वी असं नव्हतं का? ऐका तर.

पुण्याजवळच्या खडकीत आयुध निर्माणीची वसाहत आहे. तिथल्या मैदानाची देखभाल करणाऱ्या एका कामगाराला पाच मुलगे होते. घरात पैशांची ओढाताण, पण आईनं पाचही मुलांना खेळू दिलं. मोठ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि जुने चेंडू घेऊन ही पोरं चिखलात खेळायची. त्यातला एक जण पुढं मुंबईला गेला. थोरला भाऊ रमेश तिथं राष्ट्रीय केमिकल्सच्या संघातून खेळत होता, त्याच्याकडे राहिला. हा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. ओळखलंत का? बरोबर, धनराज पिल्ले!

धनराज लहान असतानाच हॉकी बदलू लागली होती. त्याआधी हॉकी गवतावर खेळायची. स्टिक तुतीच्या लाकडाची. हो हो, ज्या तुतीचा पाला रेशमाचे किडे खातात, तीच! जालंधर आणि मीरतचे कारागीर त्या स्टिका करायचे. अशा मैदानांवर खेळून १९२८ ते १९६४ या काळात भारतानं ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकली. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकही जिंकला.

आणि दुसऱ्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. कालचा विश्वविजेता भारत सातवा आला! कारणं बरीच असतील, पण मैदान हे त्यातलं एक मोठं कारण होतं. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. तिथं मनगटाची करामत चालते. कृत्रिम मैदानावर तो सुसाट सरळ जातो. तिथं वेग आणि दम लागतो. ज्या देशांकडे पैसा होता त्यांनी अशी मैदानं भराभर बांधली. आपल्या मुलांना ती बघायलाही मिळत नव्हती.

असं मैदान महाग का असतं? लांबी ९१.४ मीटर, रुंदी ५५ मीटर. एवढ्या जागेवर आधी भक्कम, सपाट पाया घालायचा. त्यावर रबराचा थर, त्यावर ती हिरवी किंवा निळी सतरंजी. पाण्याची मैदानं तर सामन्याआधी भिजवावी लागतात, म्हणजे फवारे आले आणि हजारो लिटर पाणीही आलं. काही वर्षांनी सतरंजी झिजली की ती बदलायची. खर्च कोटींच्या घरात जातो. मैदान बदललं तसे बूट बदलले. स्टिकही बदलली, लाकडाऐवजी कार्बन आणि काचतंतूंची आली. चांगल्यातली चांगली घ्यायची तर दहा-वीस हजार मोजावे लागतात. गोलरक्षकाचं साहित्य तर विचारूच नका, आख्खं कपाट भरेल आणि कपाटाएवढ्याच किमतीत मिळेल!

म्हणजे मग गरिबाच्या मुलांनी हॉकी सोडायची का?

नाही. आणि याचं उत्तर आपल्यासारख्याच दुसऱ्या एका जंगलातून येतं. ओडिशातला सुंदरगड आणि झारखंडमधला सिमडेगा हे शेजारशेजारचे आदिवासी जिल्हे. तिथंही साल-मोहाचं रान आहे आणि पोरं बांबूच्या काठीनं खेळतात. गावागावांत सामने होतात आणि जिंकलेल्या संघाला बक्षीस काय, तर बोकड! सगळं गाव मिळून जेवतं. याच सुंदरगडच्या सौनामारा गावचे दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक खेळले, पुढं २०२२ साली हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. सिमडेग्याची सलीमा टेटे २०२४ साली भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, १९२८ साली भारतानं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे कर्णधार होते मुंडा आदिवासी समाजातले जयपाल सिंग.

हरियाणाच्या राणी रामपालचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिचे वडील हातगाडी ओढायचे. तिनंही मोडक्या स्टिकनं सराव केला. प्रशिक्षणाला येताना प्रत्येकीनं अर्धा लिटर दूध आणायचं, असा नियम होता. घरी परवडायचं २०० मिलिलिटर. मग ती त्यात पाणी घालायची आणि गुपचूप पिऊन टाकायची! तिनंच पुढं हे सांगितलं. २०२१ साली टोकियोत भारताच्या मुली पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचल्या, तेव्हा कर्णधार राणीच होती.

आता नीट विचार करा. धनराजला भाऊ होता, राणीला बलदेव सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक होते, सुंदरगडच्या मुलांना गाव होतं आणि पुढं सरकारी वसतिगृहं होती. एकट्या आई-बाबांच्या खिशावर यातलं कुणीही वर आलेलं नाही. प्रत्येकाला कुणीतरी मधल्या पायरीवर हात दिला.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा उत्तम पळायचा. त्याला स्पर्धेला न्यायचं तर बूट हवे होते. मी म्हणालो, "बघू रे, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तो आलाच नाही. घरच्यांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. परत आला तेव्हा त्याची शाळा सुटली होती. मुलांच्या आयुष्यात 'पुढच्या वर्षी' नावाचं वर्ष दर वेळी येतंच असं नाही, हे मला त्यानं शिकवलं.

म्हणून त्या संध्याकाळी मी कागद घडी करून परत दिला नाही. आम्ही तिघांनी अंगणात बसून यादीतल्या एकेका ओळीला प्रश्न विचारला : हे विकतच घ्यायला हवं का?

स्टिक? शाळेच्या कपाटात एक बरी स्टिक पडून होती, फक्त मुठीची पट्टी सुटली होती. ती नवी गुंडाळली. जर्सी आणि ट्रॅकसूट? आदल्या वर्षी खेळून गेलेल्या एका ताईचे मिळाले. बाह्या लांब होत्या, आईनं टाके घालून आखूड केल्या. प्रवास? २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धंच तिकीट लागतं, ते कुणी धरलंच नव्हतं. म्हणून १,५०० चे १,००० झाले. बूट मात्र उसने चालत नाहीत, पाय सोलतात. ते मापाचे, पण साधे, ९०० रुपयांचे घेतले. शिन गार्ड आणि माउथ गार्ड नवेच. नडगीवर किंवा दातांवर चेंडू बसला तर काय होईल? तिथं काटकसर करायची नाही.

पुन्हा बेरीज करा : १,००० अधिक ९०० अधिक ४५० अधिक १५०. झाले २,५००. त्यातले १,५०० आम्ही शिक्षकांनी मिळून घातले. उरलेले १,००० तिच्या बाबांनी दिले. मी 'राहू द्या' म्हणालो, तर म्हणाले, "नाही जी. पोरगी माझी आहे."

आता थोडं आई-बाबांशी बोलतो. मुलगा किंवा मुलगी खेळात पुढं जात असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत विचारा : यंदा खर्च काय येईल, शाळेकडून काय मिळेल, काय उसनं चालेल? सहा दिवस आधी यादी हातात पडली की कुणालाही घाम फुटतो. विचारण्यात कमीपणा नाही. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत चाचण्या घेऊन निवडलेल्या मुलांचं राहणं, जेवण आणि प्रशिक्षण सरकार करतं; पुण्यात बालेवाडीला हॉकीही शिकवतात. चाचण्या कधी आहेत, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळतं. आणि ज्यांच्या घरी आखूड झालेले बूट आणि जुन्या स्टिका माळ्यावर पडल्यात, त्यांनी त्या शाळेत आणून द्याव्यात. सगळ्यात महागडी स्टिक घेतली म्हणजे गोल होतो असं नाही, हेही मुलांना सांगावं.

हो, स्पर्धेचं काय झालं ते राहिलंच. आमच्या मुली पहिलाच सामना हरल्या, तोही चार गोलांनी! आयुष्यात पहिल्यांदा त्या कृत्रिम मैदानावर उतरल्या होत्या. परत आल्यावर मी भीत भीत विचारलं, "वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "सर, चेंडू थांबतच नव्हता! पण मला कळलंय आता, तो कुठं जातो ते."

यंदा सुट्टीत ती आमच्या शाळेच्या पटांगणात आली होती. चिखलात पाच-सहा चिमुरडी पोरं, प्रत्येकाच्या हातात बांबूची काठी, आणि ही शिट्टी फुंकतेय. नंतर माझ्या टेबलावर तिनं एक वही ठेवली. नव्यानं खेळणाऱ्यांसाठी तिनं तीन रकाने आखले होते : 'विकत घ्यायचं', 'मागून घ्यायचं' आणि 'नंतर घेतलं तरी चालेल'. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं होतं : महाग स्टिक.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ हाच. तुमचा आवडता खेळ घ्या आणि आई-बाबांबरोबर बसून असे तीन रकाने भरा. पहिला रकाना किती छोटा होतो, ते बघा. आणि दुसऱ्या रकान्यात जे आहे, त्यातलं काही तुमच्या घरी पडून असेल, तर ते उद्याच शाळेत घेऊन या. कुणीतरी दाराशी कागद घेऊन उभं असेल.

तुमचे,
एटापल्लीचे सर