आधी पट्ट्याचा वेग, मग मोटर

सोयाबीनच्या सोंगणीत विळ्याची धार दुपारीच बसली, की लोक लोखंडाला नावे ठेवतात. बहुतेक वेळा दोष लोखंडाचा नसतो. बुलढाणा जिल्ह्यातली मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे मुंबई-नागपूर महामार्गावर आहेत. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांना इथे तोटा नाही आणि त्या पोलादाचे विळे-कोयते उत्तम होतात. लोहार पाट्याला ताव देतो, घडवतो, पाणी देतो. एवढी मेहनत झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत हँड ग्राइंडरने धार काढली जाते आणि तिथेच घात होतो.

चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे त्याच्या चकतीची कड सेकंदाला जवळपास ५८ मीटर वेगाने घासते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या धारेत त्या घासण्याची उष्णता मुरायला जागाच नसते. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी झाक चढते. निळी झाक आली याचा अर्थ ती कड ३०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊन नरम पडली. मग तेवढा भाग घासून काढून टाकायचा किंवा पात्याला पुन्हा पाणी द्यायचे, तिसरा उपाय नाही.

हा घात टाळायला घरीच बेल्ट ग्राइंडर, म्हणजे चकतीऐवजी पट्ट्यावर घासणारी मशीन, बांधायला निघालेल्या कारागिरांचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, मोटर किती एचपीची घेऊ? आमचे म्हणणे, आधी पट्ट्याचा वेग ठरवा. हिशेब सोपा आहे: चालक चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे. १०० मिलिमीटरचे चाक १४४० फेऱ्यांच्या मोटरवर बसवले तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर धावतो, २८८० फेऱ्यांच्या मोटरवर पंधरा. पाणी देण्यापूर्वी उतार काढताना पंधरा मीटर चालतील. पाणी दिल्यानंतर धारेजवळ जाताना साडेसातही जास्त वाटतात. तिथे पट्टा नवा हवा, हात हलका हवा आणि प्रत्येक फेरीनंतर पाते पाण्यात बुडवायला हवे. बोटांना चटका लागेपर्यंत थांबू नये, कारण पात्याचे टोक बोटांच्या कितीतरी आधी तापलेले असते.

सध्या हातोहात फिरणारे नकाशे बरेचसे अमेरिकन आहेत, २ बाय ७२ इंची पट्ट्याचे. पट्ट्याचे ते माप घ्यायला हरकत नाही. चाकाचे माप मात्र डोळे मिटून उचलू नका. तिकडे वीज ६० हर्ट्झची, मोटर ३४५० फेऱ्यांची. आपल्या ५० हर्ट्झवर तशीच मोटर २८८० फेरे देते. तोच वेग हवा असेल तर १०० मिलिमीटरचे चाक १२० चे करावे लागेल.

वेग कमी-जास्त करणारी व्हीएफडी ही चैन नव्हे. मोटरचा अर्धा एचपी कमी करून तो पैसा व्हीएफडीत घालावा, असे आम्ही ठामपणे सांगू. गावठाणात सिंगल फेज असते. २३० व्होल्टची व्हीएफडी त्यातूनच थ्री फेज मोटर चालवते. फक्त मोटरच्या पाटीवर २३० व्होल्टची डेल्टा जोडणी दिलेली आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे. व्हीएफडी बंद डब्यात बसवावी, लोखंडाची भुकटी आत गेली की ती संपलीच. अर्थिंगमध्ये काटकसर नको.

आता पट्टा सरकण्याची तक्रार. बहुतेक घरगुती मशिनी इथेच अडतात, आणि याचे उत्तर आपल्या भागाला जुने ठाऊक आहे. १८७० साली कापसासाठी खामगावला जालंबहून रेल्वेचा फाटा आला. पुढे जिनिंग उभ्या राहिल्या, तेव्हा एका लांब शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी जिन फिरत. त्या पुल्या सपाट नव्हत्या. मध्यभागी किंचित फुगीर होत्या. जुन्या पीठगिरणीची पुली हात फिरवून पाहा, फुगवटा बोटाला लागतो. पट्टा बाजूला सरकला की त्याची उंच भागावरची कड जास्त ताणली जाते, येणारा पट्टा उंचवट्याकडे वाकतो आणि दर फेऱ्यात थोडा वर चढत मध्यावर येतो. म्हणून दोन्ही बाजूंना काठ ठेवलेले चाक कातून घेऊ नये. पट्टा त्या काठावर चढून फाटतो. पट्टा मध्यावर ठेवणाऱ्या ५० मिलिमीटर रुंद ट्रॅकिंग चाकाचा मधला व्यास कडांपेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त ठेवा, ते चाक बिजागरीवर तिरके करता येईल असे बसवा आणि बाकीची चाके सपाट राहू द्या. पट्ट्याच्या पाठीवरचा बाण मात्र फिरण्याच्या दिशेला हवा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवतात. त्या घरात, त्या पडवीत ही मशीन चालवू नका. मुठीच्या सागवानाचा भुसा आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच डब्यात पडू देऊ नका. तो भुसा आत धुमसत राहतो आणि रात्री पेटतो. नाकावर चांगला मास्क हवा, रुमाल नव्हे. एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे धारवाले वालुकाश्माच्या चाकाची धूळ छातीत भरून ऐन तारुण्यात गेले. आपल्या पट्ट्यात तो दगड नसला तरी लोखंडाची भुकटी फुप्फुसाला सोडत नाही.

खर्चाचे म्हणाल तर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम आहे: अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज. घण मारणाऱ्या घिसाडी बायांपर्यंत, पालावरच्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचवणे आपल्याच हातात आहे. आणि जिल्ह्यातल्या आयटीआयच्या शिक्षकांना विनंती: टर्नरच्या मुलांकडून सरावात नुसते दांडे कातून घेण्याऐवजी फुगीर चाकांचा एक संच कातून घ्या, फिटर-वेल्डरच्या मुलांकडून सांगाडा करून घ्या आणि तो गावातल्या लोहाराच्या भात्याशेजारी बसवून द्या. अशा मशिनीचे नकाशे, चाकाचा व्यास आणि मोटरचे फेरे लिहून, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून ते मापांसह छापू.