खिडकीच्या चॅनलमध्ये तेल सोडलं म्हणजे सर्व्हिस झाली नाही!



जुन्या ओम्नीची सरकती काच मोकळी कशी करायची, ते व्हिडिओत दाखवलं आहे. इथे माझं मत सांगतो. ज्याला सगळे ‘फुकटचं काम’ समजतात, त्याचे पैसे घ्या. पण मग काम पैसे घेण्यासारखं करा.

बहुतेक ठिकाणी काय चालतं? काच अडकली की चॅनलमध्ये ऑइल सोडायचं, दोनदा सरकवायची आणि म्हणायचं, “झालं साहेब!” त्या दिवशी काच पळते. पण धूळ आतच राहते आणि तेलात कालवून तिची पेस्ट होते. ती काचेवर ओरखडे पाडते. इंजिन ऑइल किंवा ग्रीसने रबर फुगतं, मऊ पडतं. काही दिवसांत काच पुन्हा जाम. ग्राहक जोर लावतो, खटका तुटतो आणि नाव तुमचं खराब होतं.

नीट काम असं करा:

१. सुकी धूळ आधी व्हॅक्यूमने ओढा.
२. जुना टूथब्रश आणि शॅम्पूच्या पाण्याने चॅनल घासा. काच दोन्ही बाजूंना सरकवून कोपरेही काढा.
३. पाणी जायची भोकं असतील तर मोकळी करा. ती तुंबली की पावसात पाणी साचतं आणि पत्रा गंजतो.
४. पूर्ण वाळू द्या. ओल्यावर स्प्रे मारू नका.
५. सिलिकॉन स्प्रे नळी लावून थोडासाच मारा. काच दहा-बारा वेळा सरकवा, जास्तीचा पुसून घ्या. समोरच्या काचेवर उडू देऊ नका, वायपर फिरला की धूसर दिसतं.

आणि चॅनलमधलं फेल्ट झिजलं असेल, तर स्प्रेने काही होणार नाही. “चॅनल बदलावं लागेल” असं स्पष्ट सांगा. एक छोटं बिल गेलं तरी चालेल, ग्राहक टिकतो.

आता हिशोब. समजा ४०० रुपयांच्या कॅनमध्ये १० गाड्या झाल्या, तर गाडीमागे ४० रुपये. शॅम्पू-कापडाचे १० रुपये. तुमचा एक तास, समजा १५० रुपये. खर्च झाला २००. मग ३०० रुपये सांगायला लाजायचं कशाला? तुमच्या गावचे आकडे घालून बघा.

“एवढ्याला कोण देतं?” हा प्रश्न येणारच. उत्तर आहे काळं झालेलं कापड. धुण्याआधी ते ग्राहकाला दाखवा. त्याला काम दिसलं की तो दरावर फार वाद घालत नाही.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं? ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर ती अजून दिसते. शिवाय ईको, ट्रॅक्स, ट्रॅव्हलर आहेतच. ८ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, म्हणजे मालक वर्षातून एकदा गाडीवर खर्च करतोच. त्याच वेळी भेटा. स्कूल व्हॅनवाल्यांना मे महिन्यातच गाठा. एसी नसलेल्या व्हॅनमध्ये मागे बसलेल्या पोरांना वारा मिळतो तो त्या एका खिडकीतूनच. ती जाम असेल तर मुलं घामाघूम होतात, हे व्हॅनवाल्या दादांना तुम्ही समजावून सांगायची गरज नाही. रोज तेच ऐकतात.

या आठवड्यात एकच करा. ओळखीच्या एका गाडीची खिडकी नीट साफ करा, वेळ मोजा, खर्च लिहा. मग दरपत्रकात ‘खिडकी चॅनल सफाई’ ही ओळ टाका. ज्या कामाचा दर लिहिलेला नसतो, ते काम फुकटातच जातं.