बाटलीपूर्वीचे बोंडले, बाटलीनंतरचा पेला

१/ ‘मी काही बोंडल्याने दूध पीत नाही’ असे कोणी म्हणाले, की त्याला आपण भोळे नाही एवढेच सांगायचे असते, हे आपल्याला कळते. पण बोंडले प्रत्यक्ष पाहिलेले आपल्यापैकी किती असतील? आजचा थ्रेड या विस्मृत भांड्याविषयी, त्याची जागा घेणाऱ्या बाटलीविषयी आणि वर्षाच्या बाळापुढे पुन्हा येणाऱ्या पेल्याविषयी.

२/ आधी वर्तमान पाहू. पावडरच्या दुधावर वाढलेले बाळ वर्षाचे झाले, की त्याला साधे दूध सुरू करावे आणि बाटली सोडवून पेल्याची सवय लावावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारणे स्पष्ट आहेत. झोपताना तोंडात राहिलेल्या बाटलीने दुधाचे दात किडतात. बाटलीने दूध अती जाते, जेवण कमी होते आणि शरीरात लोहाची उणीव निर्माण होते.

३/ सल्ला योग्यच आहे. मात्र तो ज्या सुरात दिला जातो, त्यात एक ऐतिहासिक गैरसमज दडलेला आहे. बाटली ही बाल्याची स्वाभाविक पायरी आणि पेला ही प्रगती, असे त्यात गृहीत धरलेले असते. इतिहासाचा क्रम उलटा आहे. आपल्या घरांत ओतून पाजण्याचे भांडे आधी होते. रबरी निपलची बाटली फार नंतर आली.

४/ बोंडले म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी. बाळाला मांडीवर घ्यायचे, चोच ओठांशी टेकवायची आणि भांडे हलकेच कलते करायचे. बाळ थांबले की हातही थांबतो. तमिळ घरांतील ‘पालाडै’ आणि बंगालमधील ‘झिनुक’ ही याचीच भावंडे. पालाडै तर आजही भारतातील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजण्यासाठी वापरली जाते.

५/ ही कल्पना केवळ भारतीय नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात कांस्य व लोह युगांतील बालकांच्या थडग्यांत चोचीची मातीची भांडी सापडली. त्यांपैकी तीन भांड्यांतील चरबीच्या अंशांचे विश्लेषण २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जनावरांच्या दुधाच्या खुणा होत्या. आईच्या दुधाला पूरक किंवा पर्यायी दूध शोधण्याचा प्रश्न इतका जुना आहे.

६/ म्हणून जुने ते सारे सोने असे मानू नये. ज्या बाळांना आईचे दूध मिळत नसे, त्यांच्या जगण्याची शाश्वती फार थोडी होती. अरुंद चोच नीट धुणे कठीण, दूध टिकवण्याची सोय नाही, जंतूंचे ज्ञान नाही. थडग्यात सापडलेले भांडे मुळात एका न जगलेल्या बाळाचे आहे, हे विसरून चालणार नाही.

७/ एकोणिसाव्या शतकात रबरी निपल आले. १८४५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले. पुढे इंग्लंडमध्ये काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी जोडलेला प्रकार अतिशय लोकप्रिय झाला. नळी लांब असल्याने बाळ पाळण्यात पडल्या पडल्या आपले आपण दूध ओढू शके. पण नळीच्या आत दूध साचे, कुजे, आणि ती आतून स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य होते.

८/ १८६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या मिसेस बीटन यांच्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्थापन ग्रंथाचा सल्ला असा, की एकदा बसवलेले निपल नवे लावेपर्यंत काढण्याची गरज नाही, आणि नवे साधारण पंधरवड्याने लागेल! पुढे या नळीच्या बाटलीला ‘मर्डर बॉटल’ हे नाव पडले. फ्रान्सने १९१० साली कायद्याने तिच्यावर बंदी घातली. तोवर कित्येक वर्षे ती राजरोस विकली जात होती.

९/ इतकी घातक वस्तू इतकी वर्षे खपली कशी? आयांच्या अज्ञानावर बोट ठेवणे सोपे आहे. माझ्या मते खरे उत्तर त्या नळीच्या लांबीतच आहे. बोंडल्याला एक मोकळा हात लागतो, एक मांडी लागते आणि वेळ लागतो. नळीच्या बाटलीला यांपैकी काहीच लागत नव्हते. दुकानात बाटली विकली जात होती; घरी आणला जात होता वेळ.

१०/ बाटलीत काय घालायचे, याचे उत्तर उद्योगाने दिले. १८६७ साली हेन्री नेस्ले यांनी दूध, गहू आणि साखर यांपासून बनवलेले बालान्न बाजारात आणले. आई नसलेल्या किंवा आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना अशा पदार्थांचा आधार झाला, हे मान्य करायला हवे. पण पुढे विक्री गरजेपुरती उरली नाही. १९३९ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापुरात केलेल्या भाषणाचे शीर्षकच ‘मिल्क अँड मर्डर’ होते. बाळांसाठी गोड कंडेन्स्ड दूध खपवणाऱ्या प्रचारावर त्यांचा रोख होता.

११/ १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा उत्पादनांच्या विपणनाविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२ साली कायदा केला. त्यानुसार बालदुग्ध पर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी आली. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापणेही बेकायदा ठरले. हा कायदा उत्पादकाला आणि विक्रेत्याला जाब विचारतो. बाटली वापरणाऱ्या आईला शिक्षा करीत नाही. हा विवेक मला मोलाचा वाटतो.

१२/ आता आपल्या मुंबईकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देत, म्हणजे ते दिवसभर निजून राही. त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळी भूमिका घेतली: आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला.

१३/ लंडनची नळी आणि गिरणगावातील बाळगोळी यांना जोडणारा धागा एकच: आईपाशी नसलेला वेळ. तो आजही तुटलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे बाळ उष्टावणाच्या वयाला येते, पेल्याला ओठ लावायला शिकू लागते, नेमकी तेव्हा आई कामावर परतते. शेतात राबणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईला तर तेवढीही रजा कोणी देत नाही.

१४/ कोणी म्हणेल, पेला हा केवळ सवयीचा प्रश्न आहे. चार दिवस दूध सांडेल, मग बाळ शिकेल. खरे आहे. पण ते चार दिवस समोर बसून, सांडलेले पुसत, पुन्हा पेला धरणारे माणूस घरात हवे. ते आईच असावे असा नियम नाही. बाबा, आजोबा, पाळणाघरातील ताई, कोणाचाही हात चालतो. बोंडल्याला हात कोणाचा, हे ठाऊक नव्हते.

१५/ तेव्हा वर्षाच्या बाळाची बाटली सोडवायलाच हवी, यावर दुमत नको. परंतु ‘अजून बाटली सुटली नाही?’ हा प्रश्न आईला विचारण्यापूर्वी आणखी दोन प्रश्न विचारावेत: त्या घरात पेला धरायला वेळ कोणाला आहे, आणि तो वेळ मिळावा म्हणून समाजाने काय केले आहे? राजांच्या तहांइतकाच या प्रश्नांनाही इतिहास आहे.

१६/ आपल्या घरी जुने बोंडले असेल, तर त्याचे छायाचित्र आणि घरात त्याला कोणत्या नावाने ओळखत, हे खाली अवश्य लिहा. आजीला विचारताना आणखी एक विचारा: ते धरत कोण असे?