गोड बोला, पण खरं बोला

डिसेंबरातली सकाळ. आमचं गाव नाशिककडचं. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की आमच्याकडेही दात वाजायला लागतात. गच्चीच्या कठड्यावर गोधड्या ऊन खात पडलेल्या, चुलीवर दुसरा चहा, आणि तेवढ्यात एजंटचा फोन. "वहिनी, वरच्या खोल्या बघायला एक जण येतायत. अर्ध्या तासात पोचतो."

मग काय, धावपळ! गोधड्या आत, केरसुणी हातात. थंडीमुळे चार दिवस बंद असलेल्या खिडक्या उघडल्या, कारण बंद घराला कोंदट वास येतो. नुकताच दिवाळीत रंग दिलेला, दक्षिणेच्या खिडकीतून कोवळं ऊन थेट आत आलेलं. खोल्या कशा अगदी हसत होत्या!

नाही हसल्या त्या फक्त पश्चिमेच्या भिंतीला. तिथे एक जुनं लाकडी कपाट उभं होतं. ते मीच सरकवलं होतं तिथे. का, ते तुम्ही ओळखलं असेलच.

बघायला आली ती सरकारी दवाखान्यात नोकरी करणारी तरुण मुलगी, सोबत सासूबाई आणि कडेवर दीड वर्षाचं बाळ. सासूबाईंनी देवघराची जागा विचारली, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. मुलीने मात्र कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, पावसाळ्यात ही भिंत कशी असते हो?"

दारात उभ्या असलेल्या ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. अर्थ स्पष्ट होता : गप्प बस.

खरं सांगते, मैत्रिणींनो, मी बसलेही असते गप्प. पण त्या बाळाने शाल ओढली आणि मला एकदम आमचं बदलीच्या गावचं भाड्याचं घर आठवलं. तेही आम्ही जानेवारीतच पाहिलं होतं. फरशीवर असंच ऊन पडलेलं. जुलैत त्याच घराच्या भिंती पाझरायला लागल्या. कपडे वाळेनात, पिठाच्या डब्याला बुरशी, आणि माझ्या धाकट्याचा खोकला काही केल्या हटेना. रात्र रात्र त्याला वाफ देत बसायचे मी. त्या घरमालकीणबाई वाईट होत्या का? मुळीच नाही. सणाला पुरणपोळी पाठवायच्या. फक्त त्या एका गोष्टीबद्दल बोलल्या नव्हत्या.

मी कपाट पुढे ओढलं. म्हटलं, "ओल येते गं. खाली हातभर पोपडे धरतात. रंगाने झाकलंय, गेलेलं नाही."

ती निघून जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मेपर्यंत दुरुस्त करून द्याल?" बाहेरच्या बाजूने गिलावा आणि वॉटरप्रूफिंग करून द्यायचं ठरलं. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. एप्रिलमध्ये गवंडी मात्र त्यांनीच बोलावला.

हे सगळं सांगायचं कारण असं की, आपल्याकडे घर दाखवायचं काम बाईचं आणि व्यवहाराची बोलणी पुरुषांची, अशी वाटणीच पडून गेली आहे. पण कुठल्या कोपऱ्यात पाणी ठिबकतं, कुठल्या मोरीला वास येतो, मे महिन्यात बोअर कधी आटतो, हे त्या घरात राबणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक असतं? ज्ञान आपलं, आणि तोंड मात्र बंद! हे बरोबर नाही.

शिवाय हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही लागू आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर आपल्याला माहीत असलेला पण समोरच्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. भाड्याने देणाऱ्यालाही तसंच बंधन आहे. आणि महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी हवा, नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. तेव्हा दुरुस्तीचं जे ठरेल, ते त्या कागदावरच येऊ द्या.

घर बघायला जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. हिवाळ्यातलं घर म्हणजे नटून बसलेली नवरी. भिंती सुकलेल्या, विहिरीला पाणी, सूर्य दक्षिणेकडे कललेला म्हणून घरभर ऊन. म्हणून पावसाळा आणि उन्हाळा आपण शोधायचा. आपल्याकडचा पाऊस बहुतेक नैऋत्येकडून, पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंती आधी बघा. कपाटामागे, पलंगामागे हात फिरवा. लोणा, पोपडे, छताच्या कोपऱ्यातले पिवळट डाग बघा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारा. मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे शेजारणीला विचारा. आणि शक्यतो अकरा ते चारमध्ये जा. थंडीत सहाला अंधार पडतो, मग बल्बच्या उजेडात काय दिसणार?

दाखवणाऱ्यांनीही अंधाराच्या वेळी अनोळखी माणसाला एकटीने घर दाखवू नये. नाव, फोन नंबर आधी विचारावा, शेजारच्या काकूंना हाक मारून ठेवावी. दागिने, कागदपत्रं कुलपात ठेवावीत. यात कसला आलाय संकोच?

आता पौष लागेल. पौषात घर बघायचं, पण बोलणी संक्रांतीनंतर, अशी कित्येक घरांची रीत आहे. मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. लहान गावात तर घरांची खरी माहिती तिथेच मिळते. कोणाची भिंत ओली आणि कोणाचा शब्द कोरडा, सगळं वाणाबरोबर घरोघर पोचतं!

ती मुलगी गेल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती, वरच्या जिन्यावरून उतरून, बाळाचं बोट धरून. तिळगूळ देताना मी नेहमीचंच म्हटलं, "गोड बोला." ती हसून म्हणाली, "काकू, तुम्ही खरं बोललात, तेच गोड लागलं."

पश्चिमेच्या भिंतीपुढे आता कपाट नाही. तिथे बाळाचा पाळणा आहे.