बुलेट, सायलेन्सर आणि आईचा पदर



अलिबाग, रेवदंडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, आपल्या वस्तीच्या तोंडाशी आता एखादी तरी बुलेट उभी दिसते. कुणाचा मुलगा उरणच्या बंदरात कंत्राटी कामाला, कुणाचा थळच्या खत कारखान्यात, कुणाचा मुंबईत. हप्त्यावर गाडी घेतली जाते आणि तिची पहिली फेरी विहाराकडे होते. आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. १९५५ पासून मद्रासकडे तयार होऊ लागलेली ही फटफटी आपल्या लोकांनी कित्येक वर्षे पाहिली ती फौजदाराच्या नाहीतर गावच्या बड्या असामीच्या बुडाखाली. आज ती आपल्या अंगणात आहे. हे काहींना अजून खुपते. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन तरुणाच्या हातांवर वार झाले. बुलेट चालवतो म्हणून ते केले, अशी घरच्यांची तक्रार होती. तेव्हा "आपल्याला बुलेट कशाला हवी?" असे आम्ही कोणाही पोराला म्हणणार नाही.

पण गाडी घरी आल्यावर महिन्याभरात तिचे जे होते, त्याबद्दल आया-बहिणी आम्हाला विचारतात. कंपनीचा सायलेन्सर निघतो, इंदोरी, पंजाबी, लाँग बॉटल असला काहीतरी बसतो, मागे दोन बाजूंना बॅगा लटकतात. यात चांगले काय, वाईट काय, ते नीट पाहू.

सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नव्हे. त्याच्या पोटात कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून धक्क्याधक्क्याने सुटणारा वायू त्यातून फिरत फिरत मंदावतो आणि आवाज दबतो. बाहेरच्या सायलेन्सरात हे कप्पे बहुधा नसतातच. २०२० नंतरच्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारे जाळीदार भांडे आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे ठरवायला मदत करणारा सेन्सरही याच वाटेवर असतो. वाट बदलली की हिशेब बिघडू शकतो. मग गाडी फटाके फोडते, पोरे खूश होतात आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. आवाज वाढला म्हणून ताकद वाढली, हा समज तर निव्वळ भाबडा.

कायद्याचेही ऐका. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. आवाजाचे कलम वेगळे. त्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो आणि परवाना तीन महिने बंद होतो. पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. ज्याचा घरचा हप्ता ओव्हरटाइमवर चालतो, त्याला हा शौक परवडणारा नाही.

आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर लवकर सडतो, हे खरे. मग बदला, पण त्याच मॉडेलचा कंपनीचा घ्या. समुद्रावरून आल्यावर गाडी गार होऊ द्यावी आणि गोड्या पाण्याने धुवावी. त्याने सायलेन्सरला बरेच आयुष्य मिळते.

बॅगांबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. बॅग ही कामाची वस्तू. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरणाऱ्या पोरांना, किंवा वडखळमार्गे येणाऱ्यांना, पाठीवर ओझे घेण्यापेक्षा बॅग केव्हाही बरी. (अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.) पण बॅग बसवताना गॅरेजवाला पहिली गोष्ट काय करतो? डाव्या बाजूची साडीची जाळी सोडून ठेवतो. इथेच आम्ही थांबवतो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आणि मागच्याला धरायची मूठ नियमाने सक्तीची आहे, आणि ती उगाच नाही. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून आई मागे बसते. पदर चाकात गेला तर ती रस्त्यावर ओढली जाते आणि गाडीही जाते. जाळी ठेवून तिच्याबाहेर बॅगेचा स्टँड नटबोल्टने बसवता येतो. वेल्डिंग करू नये. रंग जळला की तिथूनच गंज धरतो. बॅग सायलेन्सरला टेकू नये, इंडिकेटर आणि नंबर झाकू नये, मागे बसणाऱ्याचे पाय पायदानावर नीट टेकावेत.

बाबासाहेबांनी १९२९ सालची चाळीसगावची हकिगत लिहून ठेवली आहे. टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. पाहुण्याने पायी जाणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच माणूस पुढे बसवला. पुलावर टांगा गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. आपला मान राखण्याच्या भरात या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला, असे त्यांना वाटले. तरुणांनी ती हकिगत मुळातून वाचावी.

२० मार्चला महाडला निघणाऱ्यांसाठी आणखी थोडे. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले. महाडच्या मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तरी तिथून पाच मैल चालत जाता येईल, हा त्यात विचार होता. आज त्या रस्त्याने आपल्या गाड्यांची रांग जाते. निळा झेंडा लावा, पण काठी मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जाईल अशी आडवी नको. दवाखान्यापुढे हॉर्न नको. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट हवे. बॅगा भरताना दोन्हीकडे वजन सारखे ठेवा, मागच्या टायरची हवा पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे वाढवा, आणि माणगावला चहाला थांबाल तेव्हा स्टँडचे नट एकदा हाताने चाचपून पाहा. खड्ड्यांनी ते ढिले होतात.