पुढाऱ्यांची प्रतिष्ठा आणि व्यंगचित्रकाराचा अधिकार

देशाच्या विद्यमान नेत्याचे आणि त्याच्या पूर्वसूरींचे व्यंगचित्र काढणे ही असभ्यता आहे, तिच्यामुळे राष्ट्राची मानहानी होते आणि म्हणून तिला सरकारने आळा घातला पाहिजे, असे मत पारनेर तालुक्यातील आमच्या सुपे गावाच्या एस.टी. थांब्यावरील चर्चेपासून थेट संसदेपर्यंत वेळोवेळी मांडले जाते. हे मत मांडणारांत प्रामाणिक आणि सुशील माणसेही असल्यामुळे त्याची केवळ उपेक्षा करून भागणार नाही. त्याचा साकल्याने परामर्श घेतला पाहिजे. या पक्षाचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. व्यंगचित्राने राजसत्तेचा अवमान होतो, हा पहिला. दिवंगत पुढाऱ्यांना उत्तर देता येत नसल्याने त्यांना चित्रात ओढणे अन्यायाचे आहे, हा दुसरा. आणि लोकसमूहांच्या भावना दुखावतात, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाचा निवाडा आमच्याच तालुक्याशी दूरान्वयाने संबंध असलेल्या एका प्रकरणात झालेला आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी भ्रष्टाचाराविरुद्ध जे आंदोलन २०११ साली उभारले, त्यात असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराची चित्रे झळकली. एका चित्रात राजमुद्रेवरील सिंहांच्या जागी लांडगे होते आणि ब्रीदवाक्यातील सत्याची जागा भ्रष्टाचाराने घेतली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी जो निर्णय दिला, त्यात ही चित्रे रोषाने आणि तिटकाऱ्याने भरलेली असून त्यांत विनोद किंवा उपरोध नाही, असे स्पष्ट म्हटले. आणि तरीही, केवळ तेवढ्या कारणाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करता येत नाही, हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या भंगाची प्रवृत्ती असल्यावाचून हे कलम लावता येत नाही, असा दंडक घालून दिला. ज्या न्यायासनाला चित्रांत गुण दिसला नाही, त्यानेच त्यांना अभय दिले, यात या निर्णयाचे सारे मोल आहे. सत्तेवरील व्यक्ती आणि राज्य या दोन वस्तू भिन्न आहेत. अंमलदारावरील टीकेला राज्याचा द्रोह मानणे ही दरबारी वहिवाट असून प्रजासत्ताकात तिला जागा नाही.

दुसरा आक्षेप वरकरणी अधिक सात्त्विक वाटतो; परंतु पूर्वसूरींना या रणात प्रथम कोण आणतो, हे पाहिले पाहिजे. कोणत्याही कचेरीत जा, साहेबांच्या खुर्चीमागे थोर पुरुषांची तसबीर असते. सभेत त्याच तसबिरीला हार पडतो, आणि कारभार बिघडला की दोषाचे खापरही गतकालीन पुढाऱ्यांच्या माथी फुटते. मृताचे पुण्य आपल्या खाती जमा करावे, आपले पाप त्याच्या नावे टाकावे आणि व्यंगचित्रकाराने मात्र त्याचे नाव घेऊ नये, हा कोणता न्याय? भिंतीवरच्या तसबिरीतले गांधीजी खाली चाललेला व्यवहार खिन्नपणे पाहत आहेत, असे चित्र जेव्हा तो काढतो, तेव्हा गांधीजींचा उपमर्द होत नसून त्यांच्या नावावर चाललेल्या व्यवहाराचा हिशेब मागितला जातो. आणि पूर्वसूरींच्या खऱ्या चुकांवर बोट ठेवले, तरी त्यात अनुचित काही नाही. कारण त्यांनी घेतलेल्या निर्णयांची फळे आजची रयत भोगत असते.

तिसऱ्या आक्षेपात मात्र सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली काढलेल्या एका चित्रात संविधानरूपी गोगलगाईवर डॉ. आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागून नेहरूही चाबूक उगारीत आहेत. राज्यघटनेच्या कामाची संथ गती हा त्याचा विषय. परंतु हे चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आल्यावर २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. ज्या समाजाने शतकानुशतके प्रत्यक्ष आसूड सोसला, त्याला आपल्या उद्धारकर्त्यामागे उगारलेला तो चाबूक गोगलगाईसाठी आहे, असे सांगून समाधान वाटले नाही, तर त्याला अरसिक म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या वेदनेची दाद घेतलीच पाहिजे. पण दाद घेण्याचा मार्ग चर्चेचा, प्रतिलेखाचा आणि प्रतिचित्राचा आहे. पुस्तकाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिलेल्या प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, तिने बाबासाहेबांच्या प्रतिष्ठेत काडीचीही भर पडली नाही. आयुष्यभर ग्रंथांनी आणि युक्तिवादांनी लढलेल्या पुरुषाचा तो मार्गच नव्हता.

इतके खंडन झाल्यावर आमचा पक्ष मांडणे सोपे आहे. पुण्याहून सुप्यावरून जाणारी सडक ज्या नगरला पोहोचते, तेथील भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात बंदिवास भोगलेले नेहरू १९४८ साली ‘शंकर्स वीकली’च्या प्रकाशनाला गेले आणि आपल्यालाही सोडू नका, असे त्यांनी शंकर यांना सांगितले. त्याही आधी, १९३७ साली, काँग्रेसचे अध्यक्ष असताना त्यांनी ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच टीकालेख लिहून आपल्यातील संभाव्य हुकूमशहापासून लोकांना सावध केले होते. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’चे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले, ज्या कुंचल्याचे फटके पुढे काँग्रेसच्या कारभाऱ्यांवर पडायचे होते, त्याचे स्वागत त्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याने केले. याउलट आणीबाणीच्या वर्षी ‘शंकर्स वीकली’ बंद पडले. त्याच १९७५ च्या डिसेंबरात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी न्हाणीच्या टबात बसलेले राष्ट्रपती दाराच्या फटीतून आलेल्या हातात सही केलेला वटहुकूम देत आहेत, असे चित्र काढले. त्या काळाचे मर्म अनेक पृष्ठांच्या इतिहासाने सांगावे, ते या एका चित्राने सांगितले. आणि ज्याला धड वाचता येत नाही अशा माणसालाही ते कळले. सामान्य नागरिकाला राज्यकर्त्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचे इतके स्वस्त आणि इतके अहिंसक साधन दुसरे नाही.

या अधिकाराला मर्यादा आहे, आणि ती कलावंताने स्वतः पाळावयाची आहे: प्रहार कृतीवर असावा, जातीवर, जन्मावर किंवा शारीरिक व्यंगावर नसावा, आणि विद्यमान असो वा दिवंगत, स्वपक्षाच्या पुढाऱ्याला वगळून तो परपक्षीयावर करू नये. जो चित्रकार कालच्या पुढाऱ्यावर तुटून पडतो आणि आजच्यापुढे मुजरा करतो, त्याचे चित्र कितीही कुशल असो, ते भाटगिरीच्या सदरात जमा होते. परंतु ही मर्यादा मोडणाऱ्याला वाचकाने नाकारावे. पोलिसाने जाऊन त्याला पकडू नये. ज्याची कीर्ती कर्तृत्वावर उभी आहे, तो नेता रेषांनी ढळत नाही. आणि ज्याची प्रतिष्ठा टिकविण्यासाठी फिर्याद, अटक आणि जप्ती यांचा आधार घ्यावा लागतो, त्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण करण्याची जबाबदारी या देशाच्या नागरिकांवर नाही. त्यांची जबाबदारी व्यंगचित्रकाराच्या पाठीशी उभे राहण्याची आहे.